बुटांचा नियम

नियम रेखानेच घातला होता. तीन वर्षांच्या पोरीला बाकी काही समजलं नसतं, बूट समजत होते. पायात बूट चढले की रेखा ‘मावशी’, घरी येऊन बूट काढले की ‘माई’. सुचित्रा मात्र सगळीकडे ‘आई’च, कारण दत्तकाच्या कागदांवर तिची एकटीची सही होती. दोन बायकांच्या नावावर मूल भारतातही मिळालं नसतं, आणि इथे कुवेतमध्ये तर त्या दोघी भाडं वाटून घेणाऱ्या मैत्रिणी होत्या. याहून वेगळं काही कुणाच्या कानावर गेलं, तर नोकऱ्या जाणार हे उघड होतं. रसिकाचं काय होईल, हा विचार दोघीही अर्ध्यावर सोडून देत.

पोर कधी चुकली नव्हती.

आता पाचव्या वर्षी तिला न्यूमोनिया झाला आणि रेखा ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती, तिथेच तिला दाखल केलं. वॉर्डात फक्त आईला सोडत. म्हणून रेखाने रक्त घ्यायचं काम मागून घेतलं आणि ट्रे घेऊन वर गेली.

सुचित्रा औषधं आणायला खाली गेली होती. दापोलीकडची ताहिरा सिस्टर सलाइन बघत होती. रेखाची नजर आधी पांघरुणाबाहेर आलेल्या पायांवर गेली. अनवाणी. नियम करताना आजारपण धरलंच नव्हतं.

“आली बघ तुझं रक्त प्यायला!” ताहिरा हसत म्हणाली. “ओळखतेस काय गो हिला? कोण तुझी ही?”

रसिकाने रेखाकडे पाहिलं. ओठ हलले. मग तिने आपल्याच पायांकडे पाहिलं.

“माझे शूज,” ती म्हणाली.

“अगो, आता कुठे चाललीस? सुई बघून पळतेस होय?”

“शूज दे. प्लीज.”

रेखाने पलंगाखालून बूट काढले आणि तापाने कढत असलेल्या पावलांत एकेक करून चढवले. रसिकाने ते नीट बसलेत ना ते बघितलं.

“मावशी,” तिने धापा टाकत ताहिराला सांगितलं आणि हात पुढे केला.

रेखाला पहिल्यांदा शीर सापडली नाही. दुसऱ्यांदा टोचावं लागलं.

आठवड्याने रसिका घरी आली. सुचित्राने दार लावलं आणि बूट काढायला खाली वाकली, तसे रसिकाने पाय ओढून घेतले.

“रसू, घर आलं ना,” रेखा म्हणाली. “काढ आता.”

“नो.”

“का गं?”

“परत कुणी विचारलं तर? मग शोधत बसायला लागतं.”

ती बुटांसकट सोफ्यावर आडवी झाली. सुचित्राने रेखाकडे पाहिलं. रेखाने मान वळवली.

“मावशी, पाणी दे.”

रेखा पाणी आणायला गेली.