चष्मेवाल्याची उसनी जीभ

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "आजपासून एक थेंबसुद्धा नाही." चष्मा चष्मेवाल्याच्याच दुकानातला होता, त्यामुळे त्यांना चुकीचं दिसलं असेल असं म्हणायचीही सोय नव्हती.

चष्मेवाला दारुडा नव्हता, हे आधी सांगून टाकतो. यकृताचं दुखणं लहानपणच्या काविळीचं होतं. तो प्यायचा फक्त रविवारी, दोन पेग, आणि त्यातलाही पहिला अर्धा तास ग्लास नाकाशी धरण्यात जायचा. पण सिंगल माल्ट म्हणजे त्याचा जीव की प्राण. एकाच डिस्टिलरीत, मोड आणलेल्या जवापासून केलेली आणि वर्षानुवर्षं लाकडी पिपात मुरलेली व्हिस्की. अशा बत्तीस बाटल्या त्याने जमवल्या होत्या. प्रत्येकीचं साल, पीप, गाव तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र बायकोकडे बघून, अंदाज घेत सांगायचा.

त्या बत्तिसांत एक पट्टराणी होती. दूर बेटावरची एक डिस्टिलरी कायमची बंद पडली, तेव्हा तिथल्या शेवटच्या पिपातली एक बाटली त्याने मोठ्या खटपटीने मिळवली होती. दुकान लेकीच्या हाती सोपवायचं, आणि त्याच दिवशी ही उघडायची, असं ठरवून तीस वर्षं त्याने ती मऊ कापड लावलेल्या खणात आडवी निजवून ठेवली होती. दुकान सोपवायला दीड महिना उरला, आणि डॉक्टरांनी ही वार्ता ऐकवली.

"विकून टाक," साडू म्हणाला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, सल्ले द्यायला कायम मोकळा.

"विकायला नाही घेतली. तिची चव कशी आहे एवढं मला कळायला हवं. मी नाही तर दुसऱ्या कुणीतरी पिऊन मला नीट सांगावं."

"मग मी आहे की!"

परीक्षा म्हणून चष्मेवाल्याने त्याला साध्यातली एक बाटली काढून दिली. साडूने एक घोट घेतला, मान डोलावली आणि विचारलं, "सोडा आहे का रे?" मग वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटले, बराच विचार केला आणि म्हणाले, "स्मूद आहे." पुढे काही आलंच नाही. गाढवाला गुळाची चव काय! चष्मेवाल्याने दोघांना दारापर्यंत पोचवलं आणि कपाळाला हात लावून बसला.

बायको ते ग्लास विसळायला घेऊन गेली आणि स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, ह्या ग्लासात ओला लोकरीचा कोट वाळत घातला होतात का?"

चष्मेवाला ताडकन उठला. "काय म्हणालीस?"

"ओला कोट. शेगडीजवळ ठेवलेला. आणि त्याच्या खिशात आयोडिनची बाटली फुटलीय."

ह्या बाटलीसाठी चष्मेवाला अकरा वर्षं शब्द शोधत होता. त्याच्या वहीत तिच्यापुढे 'धूर, समुद्र, ओकचं लाकूड, लांब रेंगाळणारा शेवट' असं काहीबाही लिहिलेलं होतं. वहीत कोट कुठेच नव्हता, आणि बाटलीत होता तर कोटच होता.

आता ह्यात नवल नाही. बायकोने सव्वीस वर्षं लाँड्री चालवली होती. आलेला प्रत्येक कपडा नंबराची चिठ्ठी लावण्याआधी ती हुंगायची. गिऱ्हाईक म्हणे, चहाचा डाग आहे. ती म्हणे, चहाचा नाही. गिऱ्हाईक खाली मान घालून खरं काय ते सांगून टाकायचं. असलं नाक घरात असताना चष्मेवाला गावभर हिंडत होता, कारण ते नाक दारूच्या नावाने चौतीस वर्षं मुरडलेलंच असे.

"तुझं नाक फार तीक्ष्ण आहे हं," तो लाडात येऊन म्हणाला. "म्हणजे खरंच. मी नेहमी लोकांना सांगतो..."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? मला प्यायला लावायचीय ना?"

चष्मेवाल्याने मान खाली घातली.

"दुपारी चार वाजता," ती म्हणाली. "उजेडात. आणि मी बोलायच्या आधी तुम्ही 'वा' म्हणायचं नाही."

पहिल्या रविवारी पहिल्या घोटाला तिचं तोंड असं झालं की चष्मेवाला पाण्याचा तांब्या घेऊन धावला. "हे तुम्ही हौसेने पिता?" त्याने ग्लासात चार थेंब पाणी टाकलं, जरा थांबायला सांगितलं. दुसरा घोट तिने तोंडात फिरवला. मग म्हणाली, "इस्त्री क्षणभर जास्त टेकली, पण कापड वाचलं." चष्मेवाल्याच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याला ती चव अगदी जिभेवर आली.

त्यानंतर दर रविवारी एक. एका बाटलीत तिला हिवाळी कोटाच्या खिशात राहून गेलेली संत्र्याची साल सापडली. एकीत कोऱ्या चादरीची पहिली घडी मोडल्याचा वास. एकीला ती म्हणाली, "ही बाई दिसते सोज्वळ, पण अस्तर भडक आहे." चष्मेवाला हसून हसून लिहीत होता. आपण स्वतः पीत होतो तेव्हा निम्मं निसटतच होतं, असं त्याला मनापासून वाटायला लागलं. आणि चौथ्या आठवड्यात बायकोने शुक्रवारीच विचारलं, "परवा कुठली?"

शेवटी तो दिवस उजाडला. सकाळी लेकीच्या हातात दुकानाच्या किल्ल्या दिल्या. चार वाजता चष्मेवाल्याने खण ओढला आणि पट्टराणी खिडकीपाशी टेबलावर आणून उभी केली. आतली व्हिस्की गळ्याच्या बरीच खाली उतरलेली होती.

"तीस वर्षांत थोडी उडतेच," तो म्हणाला.

बूच ओढलं तर वरची टोपी हातात आली आणि खालच्याचा भुगा झाला. पट्टराणीला चहाच्या गाळणीतून ग्लासात उतरावं लागलं. चष्मेवाल्याने वही उघडली, पेन टेकवलं.

बायकोने वास घेतला. घोट घेतला. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. तो टेबलावर पुढे वाकून, श्वास धरून बसला होता.

"छान आहे," ती म्हणाली. "समुद्र आहे. ओकचं लाकूड. आणि... लांब रेंगाळणारा शेवट."

चष्मेवाल्याने 'समुद्र' लिहिलं आणि पेन थांबलं. हे शब्द त्याच्याच वहीतले होते. ही बाई असं बोलत नाही. त्याच्या गाण्याबद्दल, टकलावर आडव्या फिरवलेल्या केसांबद्दल, कशाकशाबद्दल तिने चौतीस वर्षांत एकदाही त्याचं मन राखलं नव्हतं.

"खरं सांग."

तिने ग्लास टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाली, "पुठ्ठा. शर्टाच्या घडीत घालतात ना, तो. भिजलेला." तिचे डोळे भरून आले. "तीस वर्षं वाट बघितलीत हो. कुठल्या तोंडाने सांगणार होते मी?"

चष्मेवाल्याला वाईट वाटलं, फार वाटलं, खोटं कशाला बोला. पण हिने आपल्यासाठी खोटं बोलायचा प्रयत्न केला, आणि तोही इतका वाईट केला, हे त्याच्या ध्यानात आलं तसा त्याला आतून उमाळा आला, आणि उमाळ्याचं हसू कधी झालं ते कळलंच नाही.

"चूक माझीच," तो डोळे पुसत म्हणाला. "आडवी वाइन ठेवतात. व्हिस्की आडवी ठेवली की ती बूच खाते, मग हवा आत आणि जीव बाहेर."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"दहा वर्षांनी कळलं. बाकीच्या सगळ्या उभ्या ठेवल्या. हिच्या बाबतीत म्हटलं, एवढी वर्षं निजलीय, आता कशाला उठवा."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की आणखी काही म्हणायची गरज उरली नाही. मग तीही हसायला लागली, पदराने तोंड दाबून, खांदे हलेपर्यंत.

चष्मेवाला उठला. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्याने एक जाड काचेची, काळपट मधाच्या रंगाची बाटली काढली. हिलाही त्याने कधी हात लावला नव्हता.

"आणि ही कशासाठी राखून ठेवली होती?" बायकोने विचारलं.

त्याने आठवून पाहिलं. "काहीतरी होतं खरं," तो म्हणाला, आणि बूच काढलं. टक्क आवाज आला, अगदी ठणठणीत.

बायकोने वास घेतला. घोट घेतला. खिडकीतलं ऊन टेबलभर पसरलं होतं.

"काय?" चष्मेवाल्याने विचारलं.

तिने एक बोट वर केलं.

"अगं, बोल की! कोट? चादर? काय आहे?"

"जरा गप्प बसा हो."

तो गप्प बसला. दुकानात नेमकं भिंग डोळ्यापुढे आलं की गिऱ्हाईक पाटीवरची अक्षरं वाचायचं थांबतं आणि क्षणभर नुसतं बघत राहतं. अशा वेळी त्याने कुणाला कधी 'कसं दिसतंय' म्हणून विचारलं नव्हतं, विचारायची गरजच नसे. बायकोचा चेहरा आत्ता तसा होता. चष्मेवाला तो चेहरा बघत बसला आणि त्याला डॉक्टरांचा, यकृताचा, बेटाचा, सगळ्याचा विसर पडला.

बऱ्याच वेळाने तिने रिकामा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

"घाला अजून," ती म्हणाली. "आणि हात आखडता घेऊ नका."