शेडमधलं कुटार

पुण्याच्या एका संस्थेकडून आलेल्या नचिकेत सरांनी डोणगावजवळच्या एका वस्तीतल्या सहा बायांना तीन दिवसांत मोबाइलवर बातमी करायला शिकवलं. त्यांतल्या बेबीताईनं पहिलीच बातमी केली ती स्मशानशेडची. वस्तीसाठी बांधलेल्या त्या शेडमध्ये सरपंचानं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, कोंबलं होतं, आणि आदल्या पावसाळ्यात तिच्या सासऱ्याला उघड्यावर, चौघांनी ताडपत्री धरून अग्नी द्यावा लागला होता. हे सगळं तिनं कुटारासमोर उभं राहून सांगितलं.

सरांनी बातमी पाहिली आणि नाक मुरडलं. "ताई, भाषा जरा शुद्ध हवी. आणि विषय सकारात्मक घ्या ना. सरपंचांनीच आपल्याला हॉल दिलाय."

बेबीताईनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. गावाचा आवाज, गावाचा आवाज म्हणून तीन दिवस घसा कोरडा करणारा हा माणूस एका हॉलपायी शेपूट घालून बसला होता.

"सर, सासऱ्याच्या सरणापाशी मी शुद्ध भाषेत नव्हती रडली," ती म्हणाली, आणि बातमी तिनं तशीच गावाच्या ग्रुपवर टाकली.

दोन दिवसांत सरपंचाचे गडी शेड रिकामं करू लागले. बेबीताई तेही टिपत होती. तेवढ्यात सर लगबगीनं आले, केस सारखे केले आणि शेडसमोर हसत उभे राहिले. संस्थेच्या अहवालाला फोटो हवा होता.

"बाजूले व्हा सर," बेबीताई फोन खाली न करता म्हणाली, "मागचं कुटार दिसून नाही राह्यलं."