शुक्रवारी आलेलं गाठोडं

"विहीणबाई, मंगळवार टाका की! तीन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

फौजदारांनी कापडात शिवलेलं गाठोडं खिडकीतून आत सरकवलं. पोलीस ठाण्याच्या तळमजल्यावरची ही मुद्देमालाची खोली. गुन्ह्यात जप्त झालेली वस्तू खटला संपेपर्यंत इथेच राहायची. ती सांभाळणाऱ्या कारकून बाई म्हणजे फौजदारांच्या सुनेची आई. गाठोड्यात एका प्लंबरचा रक्ताळलेला शर्ट होता. गोदामाच्या रखवालदाराचा खून केल्याच्या संशयावरून त्याला धरलं होतं. शर्ट जप्त झाला मंगळवारी, आणि आज होता शुक्रवार.

"इतके दिवस होतं कुठे हे?"

"गाडीच्या डिकीत. घर बदलायच्या गडबडीत राहून गेलं. तुमच्या लेकीला आठवा महिना, तिला काय खोकी उचलायला लावू?"

"मग मी शुक्रवार लिहिते."

"अहो, त्याचा वकील म्हणेल, तीन दिवसांत पोलिसांनीच रक्त लावलं! माणूस तोच आहे, माझी खात्री आहे. तो सुटला, तर त्या रखवालदाराच्या बायकोला तोंड तुम्ही दाखवा."

व्याह्यांना दुखावलं की त्याची झळ कुणाला बसणार, हे न कळायला त्या काही कुक्कुलं बाळ नव्हत्या. पण बावीस वर्षं त्यांच्या नोंदवहीच्या भरवशावर माणसं तुरुंगात जात होती आणि तुरुंगातून सुटत होती. त्यांनी लाखेचं सील तपासलं, चिठ्ठीवरचा नंबर जुळवला आणि ठसठशीत अक्षरात शुक्रवार लिहिला. पुढे वेळही लिहिली, अकरा वाजून दहा मिनिटं.

"सही करा."

व्याह्यांनी कागद फाटेल अशी सही केली.

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. बाईंच्या साक्षीच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन आला.

"आई, वहीत शुक्रवार चुकून पडला म्हण ना. घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाहीये गं."

"जेवलीस का?"

"आई, मी काय म्हणतेय!"

"ऐकलं गं राणी. तुझ्यासाठी जीव टाकीन, पण शपथ घेऊन खोटं नाही बोलणार."

फोन ठेवल्यावर त्या चांगल्या हमसून हमसून रडल्या. सकाळी मात्र इस्त्रीची साडी नेसून वेळेआधी कोर्टात हजर!

"नोंद करताना चूक होऊ शकते ना?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"होऊ शकते. इथे झालेली नाही."

तीन दिवसांच्या फरकामुळे कोर्टानं शर्ट ग्राह्य धरला नाही, आणि शर्टाशिवाय पुराव्यात दम नव्हता. प्लंबर सुटला. त्या दिवसापासून व्याह्यांनी बाईंशी बोलणं टाकलं, आणि नातवाला बघायचं तर लेकीनं चोरून बागेत आणायचं, असं होऊन बसलं.

काही महिन्यांनी रखवालदाराची बायको कोर्टाचा आदेश घेऊन खिडकीशी आली. नवऱ्याचं घड्याळ आणि विजेरी परत घ्यायची होती. बाईंनी दोन्ही वस्तू फडक्यानं पुसून तिच्यापुढे ठेवल्या.

"तुमच्यामुळे सुटला तो," ती म्हणाली.

"हो. माझ्या साक्षीमुळे सुटला."

"मारलं होतं का त्यानं?"

"मला ठाऊक नाही. आणि आता ते कधी ठरणारही नाही. वाईट झालंय ते हेच."

"तीन दिवस ते गाठोडं होतं तरी कुठे? कोर्टात सगळे भराभरा बोलत होते, मला काही कळलंच नाही."

"तपास करणाऱ्या फौजदारांच्या गाडीत. राहून गेलं, म्हणाले."

"राहून गेलं?" तिचा आवाज चढला. "माझा माणूस गेला, आणि यांचं राहून गेलं? कोण आहे हा फौजदार?"

"माझे व्याही."

बाईंना लेकीचा चेहरा आठवला. पण त्या बोलल्याच, "मोठ्या साहेबांकडे लेखी तक्रार करता येते. चौकशी लावावी लागते त्यांना."

"माझं कोण ऐकणार तिथे?"

बाईंनी खिडकी लावली, खोलीला कुलूप घातलं. "चला. साहेबांसमोर काय घडलं ते तुम्ही सांगा, मी लिहिते. आणि साक्षीदार म्हणून खाली माझं नाव घालू."

जिना चढून गेल्यावर फौजदारांचं टेबल आधी लागत होतं. दोघींना बघून ते अर्धवट उठले. इतक्या महिन्यांचा अबोला विसरून म्हणाले, "विहीणबाई, इकडे कुठे?"

"साहेबांकडे. यांची तक्रार द्यायचीय."

"कुणाविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध," बाई म्हणाल्या. पुढे होऊन त्यांनी साहेबांचं दार वाजवलं आणि रखवालदाराच्या बायकोला आपल्या पुढे उभं केलं.