क्रॅक कोण म्हणणार?

कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या कॅरियाकू बेटावर विलायतेहून जे जे आलं ते आमच्या भल्यासाठीच आलं. ऊस आला, साखळदंड आले, रविवारचे कडक कॉलरचे सदरे आले. आणि मध्यंतरी एका बोटीनं ह्युगो पेल्हम साहेब आले, तेही अर्थात आमच्याच भल्यासाठी.

साहेब लंडनच्या एका वारसा-संस्थेचे. काळ्या लोकांचा इतिहास त्यांच्याच गोष्टींतून आणि गाण्यांतून जगाला ऐकवायचा, हे संस्थेचं काम. हिल्सबरो गावात बेकरीच्या वर आमच्या रेडिओ केंद्राची एकुलती एक खोली आहे, तिथून रविवारी दुपारी कार्यक्रम थेट जाणार होता आणि त्याच वेळी लंडनलाही ऐकू येणार होता.

"वेदना हवी," साहेब म्हणाले, "पण हलकीशी." चहात साखर किती ते सांगावं, तसं.

केंद्रातली बटणं रविवारी कॅसिल्डा बिडो, म्हणजे आमची सिल्डा, सांभाळते. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात हजेरी देतानासुद्धा पुटपुटायची. कानांवर हेडफोन चढले आणि ती थेट हवामान खात्याच्या चुका काढायला लागली. साहेबांनी तिला शब्द दिला होता: कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला, तर सुट्टीत लंडनला ध्वनिकथा शिकायला जागा पक्की. सिल्डानं त्याच दिवशी गावभर स्वेटर शोधला. या बेटावर स्वेटर म्हणजे वाळवंटात होडी. शेवटी पाद्रीबाबांच्या बायकोकडे एक निघाला, तपकिरी, एका कोपराला कसर लागलेला. ती तो घालून आरशासमोर इतकी घामाघूम झाली, की लंडन जिंकल्यातच जमा.

गोष्ट सांगणार होती तिची नेनेन, म्हणजे बाप्तिस्म्याला जिनं तिला हातावर घेतलं ती धर्ममाता, इडोनिया. मोठ्या ढोलाच्या नाचात पहिलं गाणं नेनेनच उचलते आणि ती गप्प झाली की ढोलकऱ्यांचे हात आपोआप थांबतात.

रविवारी ती आली ती सिल्डाच्या कॉस्नेल मामाला आणि त्याच्या ढोलाला घेऊनच.

"ढोल नको," साहेब घाईघाईनं म्हणाले. "आवाज फाटेल. मी लंडनहून सुंदर संगीत आणलंय. लाटा आहेत, व्हायोलिन आहे."

"माझ्या पणजोबांनाही साहेबांनी हेच सांगितलं होतं," नेनेन म्हणाली. "ढोल नको म्हणून. व्हायोलिनचं मात्र तेव्हा काही निघालं नव्हतं."

मामा ढोल घेऊन खाली बेकरीच्या दारात जाऊन बसला. नेनेननं पिशवीतून रमची बाटली काढली आणि पूर्वजांसाठी चार थेंब जमिनीवर शिंपडले. साहेबांनी आधी आपली वायर उचलली, मग पाय.

आधी लिहून घेतलेल्या गोष्टीवर साहेबांनी लाल पेन फिरवलं होतं. गुलामी उठली तेव्हा मालकांना भरपाई मिळाली तो भाग गायब. "श्रोत्यांना अपराधी वाटता कामा नये," त्यांनी सिल्डाला बाजूला घेऊन समजावलं. "आणि बाई भरकटल्या तर तू हे पिवळं बटण दाब. लाटा सुरू होतील. लंडन लक्षात आहे ना?"

"आहे, सर," सिल्डा म्हणाली. आतून तिला स्वेटर टोचला. घातला नव्हता, तरी.

लाल दिवा लागला. साहेबांनी मधाळ आवाजात स्वागत केलं. नेनेन माइकजवळ सरकली.

"क्रिक?"

साहेब हसून मान डोलावत राहिले.

आमच्याकडे सांगणाऱ्यानं 'क्रिक?' विचारायचं आणि ऐकणाऱ्यानं 'क्रॅक!' म्हणायचं. म्हणजे, मी ऐकतोय आणि गोष्ट संपेपर्यंत उठणार नाही. क्रॅक आलं नाही तर गोष्ट पुढे जात नाही. मेलेल्या माणसाला कोण गोष्ट सांगतं? हे इथल्या शेळ्यांनाही माहीत आहे.

"क्रिक?" नेनेननं पुन्हा विचारलं.

रेडिओवर नुसती शांतता. साहेबांचे कान लाल झाले.

"क्रॅक!" सिल्डाच्या तोंडून निघून गेलं.

"तू नाही गं," नेनेन माइकमध्येच म्हणाली. "तू घरची. तुला फुकट ऐकायला मिळते. ज्यानं गोष्ट मागवली त्यानं बोलायचं."

खाली बेकरीच्या रांगेत कुणीतरी खिदळलं. तिथला रेडिओ चालूच होता. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि पिवळ्या बटणाकडे बोट केलं. मग सिल्डाकडे पाहिलं. मग पुन्हा बटणाकडे, जरा जोरात.

सिल्डाचं बोट बटणावर होतं. दाबलं की लाटा, लाटांमागे व्हायोलिन, व्हायोलिनमागे लंडन. नेनेन मात्र तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती साहेबांकडे बघत होती, एखादं पोर पाढा विसरल्यावर बाई थांबतात तशी, अगदी निवांत.

सिल्डानं बोट उचललं. उठून साहेबांपुढचा माइक त्यांच्या तोंडाशी सरकवला आणि, आता उठलेच आहे तर, म्हणून खिडकीही सताड उघडली.

"क्रिक?" नेनेन म्हणाली.

"क्र... क्रॅक," ह्युगो पेल्हम साहेब म्हणाले.

खालून टाळ्या पडल्या आणि बसला ढोलावर हात.

"एक होता मालक," नेनेननं सुरुवात केली. "फार दयाळू. मारून झालं की हात धुवायचा. मग विलायतेच्या सरकारनं ठरवलं, आता ही माणसं सोडायची. सरकारनं विचारलं, यात कुणाचं नुकसान झालं? मालक रडला. आम्हीही रडलो. पण मालकाचं रडणं ऐकू गेलं, कारण तो इंग्रजीत रडला. त्याला भरपाई मिळाली. आम्हाला मिळाली रमची रिकामी पिंपं. क्रिक?"

"क्रॅक!" सगळी बेकरी ओरडली. नेनेन थांबून राहिली.

"क्रॅक," साहेबांना म्हणावं लागलं.

"पिंपावर आम्ही शेळीचं कातडं ताणलं. त्यांनी ढोलावर बंदी घातली. आम्ही डोंगरामागे जाऊन वाजवला. आणि मग मालकाच्या नातवंडांच्या नातवंडांनी एक संस्था काढली आणि एक गोड माणूस पाठवला. विचारायला, की बाई, तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं? हलकंसं सांगा. क्रिक?"

ढोल थांबला. साहेब टेबलावरच्या आपल्या लाल पेनकडे बघत राहिले.

"क्रॅक," ते म्हणाले. या वेळी आवाजातला मध संपला होता.

मग नेनेननं गाणं उचललं आणि कॉस्नेल मामानं खालून असा ढोल बडवला, की बेकरीतले पाव फुगायच्या आत बसले. आवाज फाटला का? फाटला. सिल्डानं तो तसाच जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी साहेब बोटीत चढत होते, तेव्हा धक्क्यावरच्या पोरांनी हाक मारली, "क्रिक?" साहेब मागे न वळता म्हणाले, "क्रॅक." सवयच लागली असणार बिचाऱ्यांना.

आठवड्यानं संस्थेचं उत्तर आलं: जागा मर्यादित असल्यामुळे खेद वाटतो, पुढील वाटचालीस शुभेच्छा. सिल्डा एक संध्याकाळ रडली, अगदी मनापासून. नेनेननं तिच्यासमोर तळलेले मासे ठेवले आणि म्हणाली, "रडून झालं की सांग. ते पलीकडच्या गावातले म्हातारे विचारत होते, आमच्या गोष्टी घ्यायला यंत्र घेऊन कधी येणार."

स्वेटर मात्र वाया गेला नाही. पलीकडच्या गावात समुद्राचा वारा फार. माइकला तो लागू नये म्हणून सिल्डानं स्वेटरची एक बाही कापून त्यावर चढवली. कसर लागलेली नव्हे, चांगली. पाद्रीबाबांच्या बायकोला अजून सांगितलेलं नाही.