दोघांच्या किल्ल्या

आतली बॅटरी बदलल्यापासून काकांच्या रिमोट-किल्लीला गाडी ओळखच दाखवेना. "मेकॅनिक कशाला? मी आहे की!" म्हणत ते मोबाइलवर व्हिडिओ लावून गाडीत बसले. सांगितल्याप्रमाणे किल्ली फिरवून बटण दाबताच दारं खटकन वाजली. काकांची छाती अशी फुगली, की काकूंना वाटलं, आता शर्टाचं बटण तुटतं.

संध्याकाळी काकू बाजाराला निघाल्या, तर त्यांची किल्ली ठप्प!

"चांगली चालत होती माझी. नसते उद्योग तुमचे!" असं म्हणून त्यांनी तोच व्हिडिओ लावला आणि आपली किल्ली जोडून टाकली. लगेच काकांची बंद पडली.

आता मात्र दोघांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. दोन्ही किल्ल्या एकाच बैठकीत जोडायच्या, नाहीतर गाडी जुनीला विसरते, असं त्यात स्वच्छ सांगितलं होतं.

"पुरतं ऐकून घ्यायची सवयच नाही तुम्हाला," काकू करवादल्या.

"तू तरी कुठे ऐकलंस?"

काकू शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. आधी काकांनी बटण दाबलं, पाठोपाठ काकूंनी. दारं दोनदा वाजली.

खाली उतरून काकांनी गाडी लॉक केली. खात्री करायला काकूंनी उघडली. काकांनी पुन्हा लॉक केली, काकूंनी पुन्हा उघडली. काकूंना हसू आवरेना. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांचंही निमूट ऐकणारं कोणीतरी पहिल्यांदाच भेटलं होतं.