मनुकांचा रस

पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि मघापासून गप्प बसलेलं घर दचकलं. विभावरीने गॅस बारीक केला. काळ्या मनुका टम्म फुगून फुटायला लागल्या होत्या. शारजातल्या त्यांच्या छोट्याशा मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या विधीला द्राक्षारस म्हणून हाच उकळलेला रस चाले, आणि तो करायचं काम तिचं.

ओट्याशी स्टुलावर बसून बारा वर्षांची अस्मी पेन्सिल चावत उद्याचं भाषण मनात घोकत होती. चर्चमधल्या मुलांना विषय मिळाला होता : अमेरिकेतली जुनी दारूबंदीची चळवळ ख्रिस्ती शिकवणीच्या कसोटीला उतरते का?

"आई, लिसन ना. त्या लेडीज थंडीत दारूच्या दुकानाबाहेर गुडघे टेकून प्रे करायच्या. सो ब्रेव्ह!"

"मग काय करतील गं? मत द्यायचा हक्क नाही, हातात पैसा नाही. नवरा पगार पिऊन आला की पोरं उपाशी."

"बट देन लॉ आला. लोक तरी चोरून प्यायचे, म्हणून गव्हर्नमेंटने फॅक्टरीच्या अल्कोहोलमध्ये अजून पॉयझन घातलं. ते पिऊन माणसं मेली. आणि मूव्हमेंटमधले काही म्हणाले, देअर ओन फॉल्ट. दॅट्स नॉट लव्ह, राइट?"

विभावरी रस ढवळत राहिली. शारजात दारूचं दुकान नाही, म्हणून तर तिने हट्टाने इथे घर घेतलं होतं. पण दारू मिळणारं अजमान कितीसं लांब? वर्कशॉप सुटलं की तिचा नवरा संजय गाडी तिकडे वळवायचा. शेवटी एकदा चर्चच्या भगिनी मंडळात तिचा बांध फुटला. "माझ्या ह्यांच्यासाठी प्रार्थना करा," एवढंच म्हणाली ती. प्रार्थना झाली. मग कुजबुज झाली. मग कमिटी बसली, आणि संजयचं प्रभुभोजन वर्षभरासाठी बंद झालं. तिने मागितलं होतं एक, पदरात पडलं भलतंच.

त्यानंतर मात्र त्याने खरंच सोडली. अख्खा उन्हाळा थेंबाला शिवला नाही. आज सकाळी दाढी करता करता आरशातूनच म्हणाला होता, "उद्या प्रभुभोजन घेऊ का गं मी? प्रकाशकाकांना विचारतेस?"

फोन वाजला. मंडळीचे सेक्रेटरी प्रकाशकाकाच होते.

"जय ख्रिस्त, विभा. तुझा मेसेज वाचला. पण पोरी, ठराव वर्षाचा आहे. आम्ही त्याच्यावर प्रेम करतो म्हणूनच ना हे सगळं!"

"काका, सगळे पापी म्हणायचे त्या जकातदारांच्या पंगतीला प्रभू बसला होता."

"बसला होता. पण त्यांनी पश्चात्ताप केला."

"आधी, का जेवल्यावर?"

काका हळूच म्हणाले, "उद्या बोलू. आणि रस नीट गाळ हं, मागच्या वेळी बिया आल्या होत्या."

तिने वळून पाहिलं. संजय मघापासून मागे सिंकपाशीच उभा होता. प्रभुभोजनाचे अंगठ्याएवढे ग्लास धुऊन, एकेक उजेडात धरून तो पुसत होता.

"नाही म्हणाले ना?"

तिने फोन ओट्यावर ठेवला.

"अगं, तोंड कशाला पाडतेस? धुवायला तरी देतात." तो हसला. सगळे ग्लास त्याने ट्रेमध्ये पालथे घातले, वर स्वच्छ फडकं पसरलं. उद्यासाठी दाराला अडकवलेला इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून कपाटात ठेवला. "गाडी फार मळलीय. पुसून येतो."

लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. विभावरी बाथरूमशी गेली. बादली जागच्या जागी होती. फडकंही. गाडीची किल्ली तेवढी खिळ्यावर नव्हती.

ती परत आली तेव्हा रस आटत आला होता. अस्मीचं पेन्सिल चावणं थांबलं होतं. ती बाबांच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होती.

"आई, त्या लेडीज दुकानाच्या दारातच बसायच्या ना, सगळ्यांना दिसेल अशा?"

"हो."

"मग आतल्या एखाद्या बाबांना बाहेर यायचं असेल, तर त्यांनी यायचं कुठून?"