पट्टा आकाशात, गाडी घाटात

मी एक जुनी बस आहे, मित्रांनो. सावन्नाखेतच्या स्टँडमागे उभी असते. जन्म कोरियातला. तिथल्या शहरात बारा वर्षं धावले आणि म्हातारी झाले म्हणून विकली गेले. माझ्या अंगावरची तिकडची अक्षरं इथं लाओसात कुणालाच वाचता येत नाहीत. खामसिंग ड्रायव्हरनं मला पाहिलं, माझ्याभोवती एक चक्कर मारली नि म्हणाला, "बाई अजून ठणठणीत आहे." त्या दिवसापासून मी त्याची झाले.

मग पंधरा वर्षं एकच काम. सकाळी मेकाँगचा काठ सोडायचा, घाट चढायचा, संध्याकाळच्या आत सरहद्दीचं फाटक गाठायचं नि पलीकडे व्हिएतनामात उतरायचं. टपावर तांदळाची पोती, मोटारसायकली, एकदा तर जिवंत डुक्कर! फाटकातून जाताना माझी पुढची चाकं एका देशात असत आणि मागची दुसऱ्यात. दर खेपेला मला त्याचं केवढं अप्रूप वाटे!

पण एक खेप सांगायलाच हवी. पाऊस मागायला आमच्याकडे गावोगाव आकाशात दारू भरलेले मोठे बाण सोडतात, तो उत्सव नुकताच झाला होता. पुढच्या बाकावर बुआलाई मावशी बसली होती. मांडीवर केळीच्या पानात पांढऱ्या सुताच्या लडी. तिची लेक विलाय पलीकडे डोंग हा नावाच्या गावात दिलेली. तिचं पहिलं बाळ जन्मताच गेलं आणि तेव्हापासून पोर खाईना, बोलेना. आमच्याकडे मानतात, माणसात बत्तीस प्राण असतात. धक्का बसला की त्यातले काही भरकटतात. मग मंतरलेलं सूत मनगटाला बांधून त्यांना घरी बोलवावं लागतं.

"जावई म्हणतो, आता डोळेही उघडत नाही," मावशी म्हणाली. "आज पोचायलाच हवं."

शेजारी व्हिएतनामची न्हुंग बसली होती. लसूण विकून तांदूळ घेऊन परत निघालेली, तोंडाची फटकळ. "सुतानं कुठं माणूस बोलतं का, मावशी? डॉक्टरला दाखवा."

"दाखवलं. तो म्हणतो, शरीराला काही झालेलं नाही. मग उरलेलं मीच बघायला नको?"

ऐन चढावर माझ्या पोटात फट्कन आवाज झाला. पंख्याचा पट्टा तुटला, पाणी उकळलं, नि मी धापा टाकत थांबले.

"अहो, जादाचा पट्टा काढा की!" न्हुंग ओरडली.

खामसिंगनं डोकं खाजवलं. "तो वर गेलाय."

"टपावर?"

"त्याच्याही वर. गावचा बाण बांधायला दोरी कमी पडली. म्हटलं, बाण सुटला की पट्टा मचाणावर राहील. तो बाणाबरोबरच गेला."

"अगं बाई! लोक देवाकडे पाऊस मागतात, हे पट्टा देऊन आले!"

सगळी गाडी हसली. मावशी मात्र रस्त्याकडे बघत होती. फाटक बंद व्हायला दोनच तास उरले होते आणि मागून एकही गाडी येत नव्हती. ती खाली उतरली आणि सुताच्या लडी खामसिंगपुढे धरल्या.

"हे वळ नि लाव."

"मंतरलेलं सूत? इंजिनात? मावशी, माझे हात झडतील!"

"सात म्हाताऱ्यांनी मंतरलंय ते माझ्या पोरीसाठी. मीच तिच्यापाशी पोचले नाही तर ते काय चाटायचंय? वळ म्हणते ना!"

बाया रस्त्याच्या कडेला बसल्या आणि वेणी घालावी तसं सूत गुंफू लागल्या. सगळ्यांत चपळ हात न्हुंगचे. मित्रांनो, ते सूत माझ्या लोखंडात बसलं तेव्हा मला शहारा आला. एवढं माझं धूड, आणि ते दोऱ्यावर चालणार! मी हळूहळू, दर वळणाला पाणी पीत चढले. शिपाई फाटक लावायला उठलाच होता, तेवढ्यात आम्ही पोचलो.

पलीकडच्या दुकानात नवा पट्टा मिळाला. सुताची काळी, तेलकट, जळकी दोरी झाली होती. ती हातात घेऊन मावशी पहिल्यांदाच रडली. "आता काय बांधू मी तिला?"

डोंग हाला पोचल्यावर खामसिंगनं स्टँड सोडून मला गल्लीत घातलं, थेट विलायच्या दारात. माझा आरसा भिंतीला घासला. न्हुंग टपावर चढली आणि आपल्याच तांदळाच्या पोत्यांची तोंडची शिवण ओढू लागली. पांढरा दोरा सरसर निघाला, तांदूळ माझ्या काचांवरून ओघळला.

"हे मंतरलेलं नाही गं," मावशी म्हणाली.

"मग मंतरा की! आम्ही सव्वीस जण कशाला आहोत?"

विलायची खाट माझ्या खिडकीसमोरच होती. एकेक जण आत गेला आणि दोरा बांधून आला. कुणी लाओ भाषेत, कुणी व्हिएतनामीत पुटपुटलं, "ये गं, घरी ये." हमाल होते, शिंपी होता, ज्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं असे सगळे. न्हुंगनं तर दोनदा बांधला. पोरीचा हात कोपरापर्यंत पांढरा झाला. माझं इंजिन बंद होतं, तरी मी थरथरत होते.

विलायनं डोळे उघडले. ती त्या दाटीकडे बराच वेळ बघत राहिली.

"आई, ही कोण माणसं गं?"

मावशीनं तो पांढरा हात उराशी धरला. खामसिंगच म्हणाला, "तुझ्या आईच्या गाडीतली."

आता माझ्या बाकांवर कोंबड्या अंडी घालतात, पत्र्याला गंज चढलाय. त्याची तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, मित्रांनो. गाडीत बसलात की शेजारच्याला विचारत जा, कुठं निघालात आणि कशासाठी? मी लाखो माणसं नेली, पण मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला तोंड आहे.